शेपटीवरचे खवले आणि आखूड आतडे

आपल्या गोष्टीचा आरंभ १८६३ या सालापासून करू. त्या एका वर्षात इंग्लंडमध्ये दोन घटना घडल्या. त्यांचे एकमेकींशी नाते असेल असे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही आले नसते. पहिली घटना लंडनच्या विल्यम बँटिंग यांची. त्यांच्या घराण्याचा धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा होता आणि राजघराण्याच्या अंत्ययात्राही त्यांच्याकडे असत. स्वतः बँटिंग पाच फूट पाच इंच उंचीचे आणि २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो वजनाचे होते. वाकून बुटाची नाडी बांधता येत नसे, जिना उतरताना तोंड वर करून एकेक पायरी मागे टाकत उतरावे लागे. पोहणे, वल्हवणे, वाफारे, जुलाब असे सगळे करून झाल्यावर कमी ऐकू येते म्हणून ते विल्यम हार्वे या कानाच्या डॉक्टरांकडे गेले. हार्वे नुकतेच पॅरिसमध्ये क्लोद बेर्नार यांची यकृत आणि साखर यांवरची व्याख्याने ऐकून आले होते. त्यांनी कान बाजूला ठेवून पाव, साखर, बटाटा, बिअर, लोणी आणि दूध बंद करायला सांगितले. वर्षभरात ४६ पौंड उतरले. या आनंदात बँटिंग यांनी स्थूलतेविषयीचे एक जाहीर पत्र छापून सुरुवातीला फुकट वाटले. ते इतके गाजले की त्यांचे आडनाव इंग्रजीत काही काळ 'आहार-नियम पाळणे' या अर्थाचे क्रियापदच झाले. स्वीडिश भाषेत तर वजन उतरवण्याला आजही 'बांता' म्हणतात.

दुसरी घटना फ्रेडरिक वॉल्टन या कारखानदाराची. उघड्या राहिलेल्या रंगाच्या डब्यावर जवसाच्या तेलाची रबरासारखी साय धरते हे त्याने पाहिले होते. त्या सायीपासून जमिनीवर अंथरायचे आवरण बनवण्याचे पेटंट त्याने १८६३मध्येच घेतले. त्याला नाव दिले लिनोलियम. जवसाचे लॅटिन नाव लिनम, तेलाचे ओलियम, दोन्ही जोडून झाला शब्द. लंडनजवळ स्टेन्स येथे त्याचा कारखाना निघाला आणि पुढे शंभर वर्षे इंग्लंडमधल्या शाळा, इस्पितळे आणि स्वयंपाकघरे या जवसाच्या सायीवर चालत राहिली. नव्या क्रिकेट बॅटला ज्यांनी अळशीचे तेल पाजून ती उन्हाआड वाळवली असेल त्यांना ही साय ओळखीची असेल. बँटिंग यांना अंगावरची चरबी उतरवायची होती, वॉल्टनला चरबी जमिनीवर पसरायची होती. तेलाला साय धरण्याचा जो गुण, त्याच्याच पोटात आपल्या गोष्टीचा नायक दडलेला आहे. त्याचे नाव लिनोलेइक आम्ल, तेही त्याच लिनमवरून आलेले.

हा गुण समजून घ्यायला आपण थोडे मागे, पॅरिसला जाऊ. मिशेल शेव्ह्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८११च्या सुमारास डुकराच्या चरबीच्या साबणाचे पृथक्करण करायला घेतले आणि १८२३मध्ये प्राणिज चरबीवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. साबणात आम्ल घातले की तो फुटतो आणि चरबीतले आम्ल मोकळे होते हे त्याने दाखवले. म्हणजे चरबी हा एकजिनसी पदार्थ नव्हे. ग्लिसरीनच्या दांडीला टांगलेल्या वेगवेगळ्या मेदाम्लांची ती मोळी आहे. स्टिअरिक, ओलेइक ही नावे त्याचीच. (हा गृहस्थ १०२ वर्षे जगला आणि आयफेल टॉवर पुरा झाल्यावरच गेला. चरबीच्या अभ्यासकांना दीर्घायुष्य लाभते असा निष्कर्ष मात्र काढू नये.) पुढच्या पिढ्यांनी या आम्लांची बांधणी शोधली. कार्बनच्या लांब साखळीत जिथे दुहेरी बंध असतो तिथे साखळी वाकते, आणि तिथेच हवेतला प्राणवायू येऊन चिकटतो. दुहेरी बंध जास्त असलेले तेल थंडीत गोठत नाही, पण हवेत साय धरते. जवस तसे आणि करडईही बऱ्याच अंशी तशीच. एवढे कळले तरी शरीराच्या दृष्टीने चरबी म्हणजे नुसते सरपण, एवढीच समजूत विसाव्या शतकापर्यंत टिकून राहिली. पिष्टापासून शरीर चरबी बनवते हे माहीत होते, मग ती खाल्लीच पाहिजे असे का मानावे?

या प्रश्नाचे उत्तर १९२९मध्ये मिनेसोटा विद्यापीठात एका उंदराच्या शेपटीने दिले. जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना साखर, शुद्ध केलेले दुधातले प्रथिन, क्षार आणि माहीत असलेली जीवनसत्त्वे असे सगळे दिले, फक्त चरबी कसोशीने वगळली. काही महिन्यांत उंदरांची वाढ खुंटली, शेपटीवर मासळीसारखे खवले आले, केस गळाले, ते सारखे पाणी पिऊ लागले आणि मूत्रपिंडे खराब होऊन मरू लागले. खाण्यात स्निग्धाचे काही थेंब घातले की ते सावरत. कोणते थेंब चालतात आणि कोणते नाहीत याची छाननी करून १९३०मध्ये बर पती-पत्नींनी लिनोलेइक आम्लावर बोट ठेवले आणि 'अत्यावश्यक मेदाम्ल' ही संज्ञा रूढ झाली. शरीर ते बनवू शकत नाही, बाहेरूनच यावे लागते. काही वर्षे त्याला जीवनसत्त्व 'एफ' असेही म्हणत. ते नाव टिकले नाही आणि ते बरेच झाले, कारण जीवनसत्त्वे मायक्रोग्रॅम-मिलिग्रॅममध्ये मोजतात आणि हे ग्रॅममध्ये लागते.

उंदराला लागते ते माणसाला लागते का? बर यांचे सहकारी विल्यम ब्राउन यांनी यासाठी स्वतःलाच पणाला लावले. सहा महिने जवळजवळ चरबीविरहित आहार घेतला. १९३८मध्ये निष्कर्ष छापले गेले तेव्हा सगळ्यांचा विरस झाला. गृहस्थ ठणठणीत होते. त्वचेला खवले नाहीत, उलट जुनी अर्धशिशी गेली आणि वजन थोडे उतरले. रक्तातले लिनोलेइक आम्ल तेवढे कमी झाले होते. अनेकांनी त्यावरून प्रौढ माणसाला हे आम्ल लागत नसावे असे ठरवून टाकले. चूक कुठे होती हे आज आपल्याला साध्या गुणाकाराने दिसते. मध्यम बांध्याच्या माणसाच्या अंगावर दहा-बारा किलो चरबी असते आणि तिच्यात साधारण दहा टक्के लिनोलेइक आम्ल. म्हणजे किलोभराचे कोठार. दिवसाची किमान गरज दोन-तीन ग्रॅम. ब्राउन सहा महिने उपाशी नव्हते, ते कणगीतले खात होते. हे कणगीचे गणित वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे शस्त्रक्रियेच्या टेबलाशी ते पुन्हा उभे राहणार आहे.

आता आपण ब्रिटनला परतू, कारण या विस्मृतीत चाललेल्या कल्पनेचा झेंडा पुढची चाळीस वर्षे एका ब्रिटिश माणसाने जवळजवळ एकट्याने धरून ठेवला. ह्यू सिंक्लेअर यांचा जन्म १९१०चा, घराणे स्कॉटिश, कर्मभूमी ऑक्सफर्डचे मॉडलिन कॉलेज. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ऑक्सफर्ड पोषण पाहणी चालवली. शिधापत्रिकेवर जगणाऱ्या देशाच्या रक्तात काय आहे हे मोजण्याचा तो खटाटोप होता. १९४४मध्ये कॅनडाच्या उत्तरेत इन्युइट लोकांना सील आणि मासे यांच्या चरबीवर धष्टपुष्ट पाहून त्यांचा पक्का ग्रह झाला की प्रश्न चरबीच्या प्रमाणाचा नाही, जातीचा आहे. १९५६मध्ये त्यांनी 'लॅन्सेट'ला एक लांबलचक पत्र लिहिले. हृदयविकारापासून कितीतरी आधुनिक व्याधींचे मूळ अत्यावश्यक मेदाम्लांच्या कमतरतेत आहे असा त्यात दावा होता. दाव्याचा आवाका मोठा, पुरावा तोकडा आणि भाषा कडक, असा तो मामला होता. विद्यापीठाशी त्यांचे बिनसले. स्वतःची पोषण-संस्था काढण्याचे स्वप्न त्यांनी सटन कोर्टनी येथल्या आपल्या घरातच, पदरमोड करून जपले. १९७९मध्ये, सत्तरी गाठता गाठता, त्यांनी शंभर दिवस फक्त सील, मासे, शिंपले आणि पाणी यांवर काढले. टोचल्यावर रक्त थांबायला एरवी तीन-चार मिनिटे लागतात, त्यांना पन्नास मिनिटांच्या आसपास लागू लागली. आर्क्टिकवासीयांना हृदयविकार कमी आणि रक्तस्राव जास्त का, याचे उत्तर त्यांच्याच बोटांतून ठिबकत होते. १९९०मध्ये ते वारले. मागे राहिलेल्या मालमत्तेतून रेडिंग विद्यापीठात त्यांच्या नावाचा मानवी पोषण विभाग उभा राहिला. माझ्या मते हा माणूस तपशिलात अनेकदा चुकला, पण दिशेत क्वचितच.

सिंक्लेअर यांच्याकडे नव्हते ते हत्यार तोवर दुसरीकडे तयार होत होते, आणि त्याची कुळकथा लीड्सच्या लोकर-संशोधन संस्थेत सुरू होते. आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज हे दोघे तिथे लोकरीतली अमिनो आम्ले वेगळी करण्याच्या मागे होते. १९४१च्या आपल्या निबंधात त्यांनी जाता जाता एक वाक्य टाकले होते. मिश्रण वेगळे करणाऱ्या नळीतला वाहता घटक द्रवच असला पाहिजे असे नाही, वायूही चालेल, अशा आशयाचे. दहा वर्षे ते वाक्य कुणी उचलले नाही. शेवटी मार्टिन यांनीच ॲन्थनी जेम्स या तरुण सहकाऱ्याला घेऊन लंडनमधल्या मिल हिलच्या राष्ट्रीय वैद्यक संशोधन संस्थेत ते करून पाहिले. १९५२मध्ये जगातल्या पहिल्या गॅस-द्रव क्रोमॅटोग्राफचे काम छापून आले आणि त्याने वेगळा केलेला पहिला पदार्थसमूह कोणता? मेदाम्ले. किसेलगूर मातीवर सिलिकोनचे तेल चढवून भरलेली लांब काचनळी वाफेच्या वेष्टनात तापवायची, त्यातून नायट्रोजन सोडायचा, आणि दुसऱ्या टोकाला एकेक आम्ल बाहेर पडेल तसे ब्युरेटमधून अल्कलीचे थेंब आपोआप पडून कागदावर पायऱ्या उमटायच्या. त्याच वर्षी मार्टिन-सिंज यांना आधीच्या कामासाठी नोबेल मिळाले. १९५६ उजाडेपर्यंत जेम्स-मार्टिन जोडी अठरा कार्बनच्या लांब साखळ्यांपर्यंत पोचली होती. सिंक्लेअर यांचे ते पत्रही १९५६चेच.

या यंत्राने काय बदलले हे पाहायचे तर आजच्या प्रयोगशाळेतून निघालेला एक आलेख जवळून पाहावा. बोट टोचून घेतलेल्या थेंबातल्या तांबड्या पेशींच्या आवरणातली मेदाम्ले मिथेनॉलशी बांधून नळीत सोडलेली असतात. कागदावर डावीकडून उजवीकडे डोंगररांग दिसते. आधी पाल्मिटिकचे उंच शिखर, मग स्टिअरिक, त्याला खेटून ओलेइक, पुढे लिनोलेइक. मधे बरेच सपाट रान. नंतर ॲराकिडॉनिकचा एक ठळक सुळका, आणि अगदी उजव्या कडेला, वाचणारा कंटाळायच्या बेतात असताना, डीएचएची टेकडी. हे डीएचए मेंदूत आणि डोळ्यांच्या पडद्यात ठासून भरलेले असते. त्याचे महत्त्व पटवण्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयाशी जोडलेल्या संस्थेत काम करणाऱ्या मायकेल क्रॉफर्ड यांचा वाटा मोठा. ॲराकिडॉनिक सुळक्याचे मोलही लंडनमध्येच ठसले. त्याच्यापासून शरीर प्रोस्टाग्लँडिन बनवते. ॲस्पिरिन तिथेच अडसर घालते, हे जॉन वेन यांनी १९७१मध्ये रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या प्रयोगशाळेत दाखवले. ताप, सूज, रक्ताची गुठळी या सगळ्यांची कच्ची सामग्री खाण्यातल्या तेलातून येते हे त्यानंतर नाकारता येईना. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून तिचे आवरण गेल्या तीन-चार महिन्यांच्या जेवणाची वही असते. काल खाल्लेल्या बांगड्याने ती नोंद बदलत नाही.

इथवर आपण चरबी हवी, असे म्हणणाऱ्यांच्या मागे चाललो. चरबी नको, असे म्हणणारा बँटिंग यांचा रस्ताही वळत वळत त्याच मिनेसोटा विद्यापीठात पोचतो. बर यांच्या उंदरांनंतर पंचवीस वर्षांनी, १९५४मध्ये, क्रेमेन, लिनर आणि नेल्सन या शल्यविशारदांनी कुत्र्यांच्या लहान आतड्याचे वेगवेगळे भाग काढून किंवा वळवून पाहिले. वरचा अर्धा भाग गेला तरी कुत्री तग धरून राहिली, खालचा अर्धा गेला तर चरबी शोषली जाईना आणि वजन घसरले. एकाच विद्यापीठात एका पिढीने चरबी ताटातून काढून घेतली, दुसरीने ती आतड्यातून निसटू दिली. दोन्ही वेळा देहाला चरबीपासून तोडले, पण दुसऱ्या वेळेस ते उपचार म्हणून. दोघांनी एकमेकांचे निबंध चाळले असतील का, असे मला नेहमी वाटते.

यातून निघालेली पहिली शस्त्रक्रिया म्हणजे जेजुनो-इलिअल बायपास. १९६९मध्ये पेन आणि डीविंड यांनी तिची मापे ठरवली ती अशी : वरच्या आतड्याचे १४ इंच, खालच्याचे ४ इंच, बस्स. मधला सगळा पल्ला आंधळ्या गल्लीसारखा बाजूला. ब्रिटनमध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयातल्या गॅझे, पिल्किंग्टन आणि सहकाऱ्यांनी १९७४मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आपला अनुभव मांडला. वजने उतरली, पण किंमत भारी होती. सततचे जुलाब, यकृताचे आजार, सांधेदुखी आणि मुतखडे. मुतखड्याचा खुलासा तर शेव्ह्रलला आवडला असता. एरवी पालेभाजीतले ऑक्झलेट आतड्यात कॅल्शियमला धरून बसते आणि बाहेर पडते. इथे न शोषलेली मेदाम्ले कॅल्शियम पळवत आणि त्याचा चक्क साबण बनवत. जोडीदार गमावलेले ऑक्झलेट रक्तात शिरून मूत्रपिंडात खडे धरी. शेव्ह्रलने साबणातून मेदाम्ले काढली होती, दीडशे वर्षांनी मेदाम्ले रोग्याच्या पोटात साबण घालत होती. पुढे ही शस्त्रक्रिया बंद पडली.

योगायोग असा की १९७४मध्येच 'लॅन्सेट'मध्ये प्रेस, हार्टॉप आणि प्रॉटी या ब्रिटिश संशोधकांची एक छोटी टिपणी आली. वजनासाठी नव्हे, इतर आजारांमुळे ज्यांचे बरेचसे आतडे काढावे लागले होते अशा रुग्णांच्या रक्तात अत्यावश्यक मेदाम्लांची खरीखुरी कमतरता आढळली. ब्राउन यांना सहा महिन्यांत जी आली नाही ती इथे आली, कारण कणगी रिकामी झालेली होती. तोंडाने दिलेले तेल शोषले जात नव्हते. म्हणून संशोधकांनी सूर्यफुलाचे तेल रोज हाताच्या कातडीवर चोळले. ते कातडीतून आत गेले आणि रक्तातले प्रमाण सुधारले. बाळाला तेल लावताना 'मुरू दे जरा' म्हणणाऱ्या आपल्याकडच्या आज्यांना यात नवल वाटले नसते. लॅन्सेटच्या वाचकांना मात्र वाटले असावे.

कमतरता एका आम्लाची नसून दोन घराण्यांची आहे हे आणखी काही वर्षांनी, १९८२मध्ये, अमेरिकेतल्या एका मुलीमुळे कळले. पोटात गोळी लागून तिचे आतडे गेले होते आणि शिरेतून मिळणाऱ्या पोषणात तेल होते ते करडईचे. महिन्यांमागून महिने गेले तसे हातपाय बधिर झाले, चालता येईना, दृष्टी अंधुक झाली. राल्फ होल्मन यांनी तिच्या रक्ताचे आलेख पाहिले. करडईत लिनोलेइक आम्ल भरपूर, पण दुसऱ्या, म्हणजे ओमेगा-३ घराण्याचे मूळ असलेले लिनोलेनिक आम्ल जवळजवळ नाहीच. सोयाबीनचे तेल सुरू केल्यावर लक्षणे मावळली. सोलापूर-मराठवाड्याकडचा वाचक इथे थांबेल. करडईचे तेल हेच त्या मुलखाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे खाण्याचे तेल. पण त्याच ताटात भाकरीशेजारी जवसाची चटणी असे. कोरडे भाजलेले जवस, लसूण, लाल तिखट, मीठ, आणि उखळात घालून तेल सुटेस्तोवर कुटलेले. एका घराण्याची उणीव दुसरे भरून काढी, आणि हे कुणी आलेख पाहून ठरवले नव्हते.

शस्त्रक्रियेच्या वाटेवर मात्र सुधारणा भराभर झाल्या. मिनेसोटातच घडलेले एडवर्ड मेसन यांनी पाहिले होते की अल्सरसाठी पोट कापलेल्या बायका नंतर बारीकच राहतात. १९६६पासून आयोवात त्यांनी गॅस्ट्रिक बायपास सुरू केला. त्याला पुढे स्विस सर्जन सेझार रू यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या वाय-जोडणीची साथ मिळाली. अन्न एका फाट्याने येते, पित्त आणि स्वादुरस दुसऱ्याने, आणि दोघांची गाठ बरीच खाली पडते. चरबी पचायची तर या गाठीनंतरच. जिनोआच्या निकोला स्कोपिनारो यांनी ही गाठ आतड्याच्या शेवटच्या ५० सेंटिमीटरवर नेऊन ठेवली आणि माणसांवरचा पहिला अनुभव १९७९मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'त छापला. त्यांच्या शस्त्रक्रियेत चरबी न शोषली जाणे हेच उद्दिष्ट होते. लीड्समध्ये (मार्टिन-सिंज यांचे लीड्स) डेव्हिड जॉन्स्टन यांनी १९८७च्या सुमारास वेगळीच वाट धरली. आतड्याला हात न लावता पोटाच्या आतल्या वळणालगत एक अरुंद नळी वेगळी काढायची आणि खालचे दळणारे जाते शाबूत ठेवायचे. 'मागेनश्ट्रासे अँड मिल' असे तिचे नाव. जर्मन शब्दाचा अर्थ पोटातली वाट. वाट आणि गिरणी! आज जगभर सर्वाधिक होणाऱ्या स्लीव्ह शस्त्रक्रियेची ही विसरलेली थोरली बहीण.

२००२मध्ये ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने अतिस्थूलतेवरच्या शस्त्रक्रियेला एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत अधिकृत मान्यता दिली आणि दोन्ही रस्ते एका दवाखान्यात आले. आता आपण कणगीचे गणित पुन्हा मांडू. सव्वाशे-दीडशे किलोच्या माणसाच्या अंगावर साठ-सत्तर किलो चरबी असेल, तर तिच्यात लिनोलेइक आम्लाचे सहा-सात किलो साठलेले. शस्त्रक्रियेआधी यकृत लहान व्हावे म्हणून दोन आठवडे दूध-दह्याचा मोजका आहार, नंतर पातळ, मग कुस्करलेले अन्न. ताटातली चरबी नाहीशी होते, पण वजन घसरत असते तोवर कोठार रोज उघडत असते आणि रक्तात लिनोलेइक पुरेसे दिसत राहते. ओमेगा-३चे तसे नाही. त्या घराण्यातले डीएचए साठवायची कोठारात जागाच नाही, त्याचा वाटा टक्क्याच्याही आत. त्यात अशा अनेकांची सुरुवातच कमी डीएचएवर होते, कारण आधीच्या ताटात मासळी क्वचित. म्हणून एकाच रक्तात एक टेकडी उंच आणि दुसरी खुजी दिसू शकते. शस्त्रक्रिया कोणती, तपासणी कितव्या महिन्यात, रक्तद्रव तपासला की पेशी, यांवर उत्तर बदलते. वजन स्थिरावले आणि कोठाराचा पुरवठा थांबला की खरी परीक्षा सुरू होते, आणि नेमक्या त्याच सुमारास रुग्णाचे विशेष दवाखान्यात येणे संपते. नाइसचा नियम किमान दोन वर्षे तिथे आणि मग दरवर्षी आपल्या जीपीकडे (नेहमीच्या डॉक्टरांकडे) असा आहे.

या आम्लांची नोंद वैद्यकात उशिरा का झाली याला एक स्थानिक कारणही आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत डेव्हिड हॉरोबिन या बुद्धिमान आणि वादग्रस्त माणसाने इव्हनिंग प्रिमरोज फुलाच्या बियांचे तेल ब्रिटनमध्ये घरोघर पोचवले. इसब आणि स्तनांच्या दुखण्यासाठी त्याला परवानेही मिळाले. २००१मध्ये त्यांनी उभी केलेली स्कोशिया कंपनी कोसळली, २००२मध्ये पुराव्याअभावी परवाने मागे घेतले गेले. त्यानंतर मेदाम्ले म्हटले की अनेक डॉक्टरांच्या भुवया वर जात. सिंक्लेअर यांच्या पत्रासारखेच हे झाले. अतिदाव्याने खऱ्या गोष्टीचीही पत गेली.

शस्त्रक्रियेच्या या रांगेत आपल्या लोकांचा क्रमांक वेगळ्या कारणाने लवकर लागतो. २००४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय तंतोतंत २२.३, पण याज्ञिक यांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के आणि युडकिन यांच्या ९.१. अशाच पुराव्यांतून नाइसने पुढे दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांसाठी शस्त्रक्रियेचा उंबरठा बीएमआयच्या अडीच अंकांनी खाली आणला. म्हणजे लंडन, लेस्टर किंवा स्लाउमध्ये राहणारा मराठी माणूस शेजारच्या इंग्रजापेक्षा कमी वजनावर या टेबलापाशी पोचू शकतो. आणि तो शाकाहारी असेल तर? १९९४मध्ये रेड्डी, सँडर्स आणि ओबेद यांनी लंडनमधल्या शाकाहारी मातांची नवजात बाळे तपासली तेव्हा नाळेतले डीएचए कमी आढळले होते. जवसातल्या लिनोलेनिक आम्लापासून शरीर डीएचए बनवते, पण चिंगूसपणाने. साउदॅम्प्टनच्या ग्रॅहम बर्ज आणि स्टीव्हन वूटन यांनी २००२मध्ये खुणा घातलेले आम्ल देऊन मोजले. तरुण स्त्रियांत थोडेसे बनले, तरुण पुरुषांत सापडण्याइतकेही नाही. भाकरीबरोबरची चटणी होल्मन यांच्या मुलीची उणीव भरून काढील, उजव्या कडेची ती शेवटची टेकडी तिच्याने पुरती उभी राहत नाही.

आज ब्रिटनमध्ये अशा रुग्णाच्या हाती वार्षिक तपासणीचा जो कागद येतो त्यावर हिमोग्लोबिन, फेरिटिन, फोलेट, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉइड, शस्त्रक्रियेनुसार जस्त, तांबे, सेलेनियम, आणि आतडे फार वळवले असेल तर अ आणि ई जीवनसत्त्वे अशी यादी असते. मेदाम्लांचा रकाना नेहमीच्या कागदावर नसतो. कुणाला शंका आली तरच नमुना मोजक्या प्रयोगशाळांपैकी एकीकडे जातो, मार्टिन-जेम्स यांच्या नळीच्या केसासारख्या बारीक पणतीकडे. एरवी ही तपासणी आहारतज्ज्ञाच्या टेबलापाशी दोन प्रश्नांत उरकते. पहिला, आठवड्यातून दोनदा मासे आणि त्यांतला एक तेलकट, या २००४च्या सरकारी सल्ल्यावरून : मासे खाता का? आणि समोरची बाई मान हलवून नाही म्हणाली की दुसरा : मग घरात तेल कोणते? त्यानंतर आहारतज्ज्ञ खाली वाकून तिच्या नडगीची कातडी पाहते, कोरडी आहे का, पांढुरके खवले सुटलेत का ते.